लिफ्ट बसविणारा शास्त्रज्ञ : निकोलस ख्रिस्तोफिलोस

ग्रीक माणूस म्हटला की आपल्या समाजाला पहिल्यांदा मिलिंद राजा आठवतो. यवन राजा मिनँडर, त्याने विचारलेले प्रश्न आणि भिक्खू नागसेनांनी दिलेली उत्तरे. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले, म्हणून खेड्यापाड्यातल्या आपल्या पोरांनाही हा यवन राजा ठाऊक झाला. आज मात्र एका दुसऱ्याच ग्रीकाबद्दल लिहायचे आहे. प्रश्न त्यालाही पडत होते, पण त्याला नागसेन भेटला नाही. त्याने आपला शोध पोस्टाने पाठविला आणि जगातील एका नामांकित प्रयोगशाळेने तो फाईलला लावून ठेवला. या माणसाचे नाव निकोलस ख्रिस्तोफिलोस. चुंबकाच्या साहाय्याने विद्युतभारित कणांचा झोत एकवटण्याची जी पद्धत आज जगातील प्रत्येक मोठ्या कणवेगवर्धक यंत्रात वापरली जाते, ती कागदावर मांडून तिच्यावर तारीख घालणारा हा पहिला माणूस.

चळवळीच्या वर्तमानपत्रात या विषयाचे काय काम, असे कोणी विचारील. आपल्या देशात आरक्षणाचा विषय निघाला की गुणवत्तेचा गजर सुरू होतो. गुणवत्ता म्हणजे जणू सोन्याचे नाणे; ते कोणाच्याही खिशातून निघाले तरी बाजारात त्याची किंमत तेवढीच, असे प्रस्थापित मंडळी आपल्याला ऐकवीत असतात. ख्रिस्तोफिलोसचे आयुष्य हा या दाव्याविरुद्धचा साक्षीदार आहे. हा साक्षीदार परका आहे, आपल्या जातिव्यवस्थेशी त्याचा काडीचा संबंध नाही, त्याला आपल्या बाजूने बोलण्याचे कारण नाही. म्हणून त्याची साक्ष नोंदवून घेणे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

त्याचा जन्म 16 डिसेंबर 1916 रोजी अमेरिकेत बॉस्टन येथे झाला. आईवडील ग्रीसहून तिकडे गेलेले. निकोलस सात वर्षांचा असताना कुटुंब अथेन्सला परत आले. लहानपणापासून त्याला रेडिओ जोडण्याचा नाद होता. अथेन्सच्या राष्ट्रीय तंत्र विद्यापीठातून 1938 साली तो विद्युत आणि यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर झाला आणि इमारतींमध्ये लिफ्ट बसविणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागला. भौतिकशास्त्राची वेगळी पदवी त्याने घेतली नाही. कोणी मोठा प्राध्यापक त्याचा गुरू नव्हता, कोणत्या संशोधन संस्थेशी त्याचा संबंध नव्हता.

एप्रिल 1941 मध्ये हिटलरच्या फौजा अथेन्समध्ये शिरल्या. त्या हिवाळ्यात ग्रीसमध्ये हजारो माणसे उपासमारीने मेली. लिफ्टच्या कारखान्यात मालमोटारी दुरुस्त करण्याचे काम सुरू झाले. ख्रिस्तोफिलोसकडे देखरेखीचे काम होते, ते फारसे नव्हते, वेळ मात्र भरपूर होता. त्या वेळात त्याने जर्मन भाषेतील अणुभौतिकीची पुस्तके वाचून काढली. मालक बनून आलेल्या लोकांची भाषा आणि त्यांच्याच भाषेतले ज्ञान; ते त्याने एकट्याने आत्मसात केले. युद्ध संपल्यावर त्याने स्वतःचा लिफ्टचा व्यवसाय सुरू केला. दिवसा लिफ्ट आणि उरलेल्या वेळात कणांना वेग देण्याची गणिते, असा त्याचा क्रम होता.

आता हे कणांचे प्रकरण काय आहे ते पाहू. वाचकांनी घाबरून जाऊ नये, विषय वाटतो तेवढा अवघड नाही.

अणूच्या गाभ्यात काय आहे हे पाहायचे तर त्यावर अतिशय वेगवान कण आदळावे लागतात. प्रोटॉन हा असा एक कण, त्याच्यावर धन विद्युतभार असतो. विजेचे झटके देऊन त्याचा वेग वाढविता येतो. पण एका झटक्याने भागत नाही, लाखो झटके द्यावे लागतात. म्हणून त्याला गोल नळीत फिरवीत ठेवतात आणि फेरीगणिक थोडा थोडा धक्का देतात. गोल फिरविण्याचे काम चुंबक करतो. चुंबकीय क्षेत्रात भारित कण शिरला की त्याची वाट वळते. चुंबक वेग देत नाही, वळण देतो.

अडचण इथून पुढे आहे. असे अब्जावधी कण एका झोतात असतात आणि सगळेच काही सरळ वाटेने जात नाहीत. कोणी किंचित डावीकडे, कोणी उजवीकडे, कोणी वर, कोणी खाली. एकाच सेकंदात लाखो फेऱ्या होणार म्हटल्यावर केसाएवढी चूकही वाढत जाते आणि कण नळीच्या भिंतीवर आदळून संपतो. आपला मोठा मोर्चा रस्त्याने जाताना दोन्ही कडेला स्वयंसेवक उभे असतात, कोणी बाहेर पडू लागला की त्याला हळूच आत घेतात. कणांसाठी असे स्वयंसेवक पाहिजेत आणि तेही डावीउजवीकडे तसेच वरखाली. हे काम चुंबकाकडूनच करून घ्यावे लागते, कारण प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचलेल्या कणाला दुसरे काही सहज आवरत नाही.

त्या काळची रीत अशी होती, की चुंबकाचे क्षेत्र बाहेरच्या बाजूला किंचित क्षीण होत जाईल अशी त्याच्या तोंडांची घडण करायची. त्यामुळे भरकटलेल्या कणाला चारही बाजूंनी आत ओढ बसते. पण ही ओढ फार दुबळी असते. मोर्चातले स्वयंसेवक दुबळे असतील तर रस्ता रुंद पाहिजे, तसे इथे झोत फाकतो म्हणून नळी मोठी पाहिजे. नळी मोठी म्हणून तिच्याभोवतीचा चुंबक प्रचंड पाहिजे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवन येथे 1952 साली सुरू झालेल्या कॉस्मोट्रॉन यंत्राची शक्ती सुमारे 3 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि चुंबकाचे वजन 2,000 टन. सोव्हिएत रशियाने दुब्ना येथे 1957 मध्ये 10 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे यंत्र उभे केले, त्याच्या चुंबकाला 36,000 टन लोखंड लागले. याच रीतीने आणखी पुढे जायचे तर कोणत्याही देशाचा खजिना पुरला नसता.

मग ओढ जोरदार का करीत नाहीत? कारण चुंबकाचा एक नियम आडवा येतो. क्षेत्राचा उतार तीव्र केला तर झोत आडव्या दिशेने जोरात एकवटतो, पण त्याच वेळी उभ्या दिशेने तेवढ्याच जोरात फाकतो. उतार उलटा केला तर उभ्या दिशेने एकवटतो आणि आडव्या दिशेने फाकतो. एका चुंबकात दोन्ही दिशांना जोरदार ओढ मिळूच शकत नाही. हा नियम सगळ्या विद्वानांना पाठ होता, म्हणून सगळ्यांनी दुबळ्या ओढीवर समाधान मानले होते.

अथेन्सच्या लिफ्टवाल्याने वेगळा विचार केला. एक चुंबक असा आणि त्याच्या पुढचा उलटा, पुन्हा असा आणि पुन्हा उलटा, अशी माळच लावली तर? पहिला आडवे एकवटील आणि उभे फाकवील, दुसरा नेमके उलटे करील. वरवर पाहता दोन्हींची वजाबाकी होऊन हाती शून्य यायला पाहिजे. पण तसे होत नाही, यातच सगळी गंमत आहे. या चुंबकांचा जोर मध्यरेषेपासून जितके दूर जावे तितका वाढत जातो. एकवटणाऱ्या चुंबकात शिरताना कण मध्यापासून दूर असतो, म्हणून त्याला आत येण्याची ओढ मोठी बसते. फाकविणाऱ्या चुंबकात पोचेपर्यंत तो मध्याजवळ आलेला असतो, म्हणून बाहेरचा धक्का लहान बसतो. मोठी ओढ आणि लहान धक्का यांचा हिशेब केला तर दोन्ही दिशांना निव्वळ ओढच शिल्लक राहते आणि ती जुन्या रीतीपेक्षा कितीतरी जोरदार असते. चष्म्याच्या दुकानातील एक फुगीर आणि एक खोलगट, सारख्याच नंबरची दोन भिंगे काही अंतर सोडून एकामागे एक धरली तर त्यांतून जाणारा प्रकाश शेवटी एकवटतो, ते याच कारणाने. झोत बारीक झाला की नळी लहान, नळी लहान की चुंबक लहान.

आता त्याच्या टपालाकडे वळू. 1946 मध्ये त्याने कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या एका कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला होता. 1948 मध्ये त्याने कॅलिफोर्नियातील बर्कलेच्या रेडिएशन लॅबोरेटरीला आपल्या कल्पनेबद्दल लिहिले. बर्कले म्हणजे त्या काळी या विद्येची काशीच. सायक्लोट्रॉनचा जनक लॉरेन्स तिथला प्रमुख. तिथून उत्तर आले. कल्पनेतील दोष दाखविले होते. न्यायाने बोलायचे तर हे दोष खरे होते आणि यंत्राचा जो प्रकार तो सुचवीत होता त्याच्या जवळचा प्रकार रशियात आणि अमेरिकेत आधीच सुचलेला होता. अथेन्समध्ये ती नियतकालिके त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. उत्तर देणाऱ्याने त्याचा अपमान केला असे काही नाही. त्याने दोष मान्य केले, पुन्हा अभ्यासाला बसला आणि त्यातूनच वर सांगितलेली आलटून पालटून चुंबक लावण्याची कल्पना निघाली.

या दुसऱ्या वेळी त्याने दोन गोष्टी केल्या. लेख बर्कलेला पाठविला आणि पेटंटचे अर्ज ग्रीसमध्ये व अमेरिकेत दाखल केले. अमेरिकेतील अर्जाची तारीख 10 मार्च 1950. आपल्या देशात संविधान लागू होऊन तेव्हा दीड महिना झाला होता. बर्कलेतल्या लोकांनी या वेळी लेख नीट वाचला नाही. गणित ओळखीच्या पद्धतीचे नव्हते, लिहिणारा अथेन्सचा कोणी लिफ्ट इंजिनिअर, आधीच्या पत्रात चुका निघालेल्या. कागद बाजूला पडला. कोणी कट केला नाही, कोणी चोरीही केली नाही. वाचण्याचे कष्ट घ्यावेत असे कोणाला वाटले नाही, एवढेच.

मला या प्रकरणात सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. आपल्याकडे भेदभाव सिद्ध करायचा म्हटला की समोरचे वकील विचारतात, अमुक माणसाने अमुक दिवशी जातीवरून बोलल्याचा पुरावा दाखवा. पण बहुतेक वेळा कोणी काही बोललेलेच नसते. अर्ज वाचला जात नाही. प्रबंधाचे प्रकरण मार्गदर्शकाच्या टेबलावर सहा महिने पडून राहते. तोंडी परीक्षेत आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याचा उत्साह मावळतो. न वाचण्याचा पुरावा कोणत्या कोर्टात द्यायचा? ख्रिस्तोफिलोसच्या बाबतीत आडवी आली ती जात नव्हती, आडवा आला तो पत्ता आणि व्यवसाय. तो पदवीधर होता, बॉस्टनमध्ये जन्मलेला होता, स्वतःचा धंदा होता. एवढे सगळे असलेल्या माणसाची ही गत झाली. मग ज्याच्या आधीच्या हजार पिढ्यांना अक्षर ओळखण्याचीच बंदी होती त्याच्या गुणवत्तेचे काय होत असेल, याचा हिशेब गुणवत्तावाल्यांनी एकदा मांडून दाखवावा.

इकडे 1952 च्या उन्हाळ्यात ब्रुकहेवनमध्ये युरोपातील नव्या संयुक्त प्रयोगशाळेचे, म्हणजे सर्नचे, लोक भेटीला येणार होते. त्यांना कॉस्मोट्रॉनपेक्षा मोठे यंत्र बांधायचे होते. त्यांच्यासाठी काही सुधारणा सुचविता येतील का, याचा विचार करताना स्टॅनली लिव्हिंग्स्टन यांना काही चुंबक उलट्या तोंडाने लावून पाहावेसे वाटले. अर्नेस्ट कुरांट यांनी गणित केले. झोत बिघडण्याऐवजी सुधारतो असे उत्तर आले. हार्टलँड स्नायडर यांनी त्यामागचे सर्वसाधारण तत्त्व ओळखले. डिसेंबर 1952 मध्ये तिघांचा लेख अमेरिकेच्या फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकात आला आणि जगभर खळबळ उडाली. सर्नच्या लोकांनी आपला जुना आराखडा बाजूला ठेवून नव्या तत्त्वावर यंत्र बांधण्याचे ठरविले. अथेन्सच्या अर्जाची या तिघांना कल्पना नव्हती. त्यांनी स्वतंत्रपणे तेच शोधले होते.

1953 च्या सुरुवातीला ख्रिस्तोफिलोस अमेरिकेत आला. ब्रुकलीनमधील एका ग्रंथालयात त्याने फिजिकल रिव्ह्यूचा अंक उघडला आणि आपलीच कल्पना दुसऱ्यांच्या नावावर छापलेली पाहिली. त्याच्या मनात काय झाले असेल ते सांगायला नको. तो तडक ब्रुकहेवनला गेला आणि आपली कल्पना चोरली गेल्याचा आरोप त्याने केला. विद्यापीठाचे पद नसलेला, परक्या उच्चारात बोलणारा एक माणूस अमेरिकेच्या मान्यवर शास्त्रज्ञांवर चोरीचा आरोप करतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. एरवी अशा माणसाला पहारेकऱ्याने फाटकाबाहेर काढले असते. पण त्याच्या हातात अर्जाची प्रत होती आणि तिच्यावर 10 मार्च 1950 ही तारीख होती. तिघांच्या लेखाच्या सुमारे पावणेतीन वर्षे आधीची.

ब्रुकहेवनच्या शास्त्रज्ञांनी कागद वाचला. तत्त्व तेच होते. मग त्यांनी जे केले त्याबद्दल त्यांना मानले पाहिजे. कुरांट, लिव्हिंग्स्टन, स्नायडर आणि त्यांचे सहकारी जॉन ब्लुएट यांनी 1953 मध्येच, त्याच फिजिकल रिव्ह्यूमध्ये, आपल्या सहीने एक पत्र छापले आणि हे तत्त्व ख्रिस्तोफिलोसला आपल्या आधी सुचले होते हे जाहीरपणे मान्य केले. ब्रुकहेवनने त्याला नोकरी दिली. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने त्याच्या पेटंटपोटी त्याला 10,000 डॉलर दिले. 28 फेब्रुवारी 1956 रोजी पेटंट मंजूर झाले, क्रमांक 27,36,799. आपल्या विद्यापीठांमध्ये विद्यार्थ्याचे काम स्वतःच्या नावावर छापणारे मार्गदर्शक आणि त्यावर गप्प बसणाऱ्या समित्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या पत्राची किंमत कळेल.

वकील म्हणून इथे थोडे थांबावेसे वाटते. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात पेटंटचा हक्क आधी शोध लावणाऱ्याचा असे, आधी अर्ज करणाऱ्याचा नव्हे. ही पद्धत तिथे 2013 पर्यंत चालली. म्हणजे कोणाला आधी सुचले याचा वाद घालता येत असे आणि असा वाद मोठ्या संस्थेशी घालणे एकट्या माणसाला परवडत नाही. अर्जाच्या तारखेने तो वादच संपविला. भारतात तर आधी अर्ज करील त्याचा हक्क, असाच नियम आहे. आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना हे कोणी सांगत नाही. पेटंट कायद्याच्या कलम 9 प्रमाणे तात्पुरता अर्ज करता येतो, त्यात कल्पनेचे वर्णन द्यायचे आणि बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशील दाखल करायचा. महाराष्ट्रासाठीचे पेटंट कार्यालय मुंबईत ॲन्टॉप हिलला आहे. विभागप्रमुखाला आपले यंत्र दाखविण्याच्या आधी तिथे कागद गेलेला बरा. बाबासाहेब प्रत्येक लढाई कागदपत्रांनिशी लढले. साउथबरो समितीपुढील साक्षीपासून ते महाडच्या तळ्याच्या खटल्यापर्यंत त्यांनी लेखी पुराव्याची बाजू कधी दुबळी राहू दिली नाही. आपण मात्र भाषणे करतो आणि कागद हरवतो.

या तत्त्वाने पुढे काय केले ते पाहा. सर्नचे यंत्र 24 नोव्हेंबर 1959 रोजी 24 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोचले. ब्रुकहेवनचे यंत्र जुलै 1960 मध्ये 33 अब्जांवर गेले. त्याचा घेर 807 मीटर, त्यात 240 चुंबक आणि सगळ्या चुंबकांचे मिळून वजन सुमारे 4,000 टन. दुब्नाचे 36,000 टन आठवा आणि शक्तीची तुलना करा. झोताची नळी एवढी लहान, की तिच्यात हाताचा पंजा शिरेल. या एका यंत्रावर झालेल्या कामाला पुढे तीन वेळा भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, 1976, 1980 आणि 1988 मध्ये. जिनिव्हाजवळ जमिनीखाली 27 किलोमीटर घेराच्या बोगद्यात जे लार्ज हॅड्रॉन कोलायडर आहे, त्यात झोत एकवटणारे 392 मुख्य चतुर्ध्रुवी चुंबक आहेत, आलटून पालटून लावलेले. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील इंडस यंत्रे याच तत्त्वावर चालतात. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगावर प्रोटॉनचे उपचार होतात. तिथेही यंत्रापासून रुग्णाच्या खोलीपर्यंत प्रोटॉनचा झोत न फाकता नेण्याचे काम असेच चुंबक करतात.

इथेच थांबलो असतो तर हे चरित्र आपल्याला फार सोयीचे झाले असते. पण ख्रिस्तोफिलोस इथे थांबला नाही.

1956 हे आपल्या धम्मक्रांतीचे वर्ष. त्याच वर्षी ख्रिस्तोफिलोस ब्रुकहेवन सोडून कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर प्रयोगशाळेत गेला. लिव्हरमोर म्हणजे अण्वस्त्रे घडविणारी संस्था आणि तेव्हा ती ज्या रेडिएशन लॅबोरेटरीने त्याचा लेख फाईलला लावला होता तिचीच शाखा होती. तो तिथे गेला तो ॲस्ट्रॉन नावाच्या स्वतःच्या योजनेसाठी. सूर्यात जशी अणूंच्या मीलनातून ऊर्जा निघते तशी पृथ्वीवर काढायची, त्यासाठी अतितप्त वायू चुंबकाने कोंडायचा आणि त्या कोंडीला इलेक्ट्रॉनच्या फिरत्या थराची मदत घ्यायची, अशी ती योजना होती. ही कल्पना त्याने 1953 सालीच मांडली होती, पण हे संशोधन गुप्त होते आणि गुप्त कामाची परवानगी त्याला मिळायला तीन वर्षे गेली. स्वतःच्याच कल्पनेच्या चर्चेला बसण्यासाठी त्याला सरकारी शिक्क्याची वाट पाहावी लागली.

ऑक्टोबर 1957 मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. तेव्हा ख्रिस्तोफिलोसने एक प्रस्ताव मांडला. पृथ्वी स्वतः एक चुंबक आहे. वातावरणाच्या वर अणुबॉम्ब फोडला तर त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकतील आणि पृथ्वीभोवती त्यांचे एक कवच तयार होईल. शत्रूची क्षेपणास्त्रे त्यातून जाताना निकामी होतील. पृथ्वीच्या क्षेत्रात कण अडकून राहतात हे तेव्हा मोजमापाने सिद्ध झालेले नव्हते. व्हॅन ॲलन यांनी नैसर्गिक पट्टे शोधले ते 1958 मध्ये. म्हणजे बुद्धी पुन्हा एकदा जगाच्या पुढे धावली होती. अमेरिकेने 27 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर 1958 या काळात दक्षिण अटलांटिक महासागरात एका जहाजावरून अग्निबाणांनी तीन लहान अणुबॉम्ब अवकाशात नेऊन फोडले. या मोहिमेचे नाव आर्गस. इलेक्ट्रॉन खरोखरच अडकले, उपग्रहाने ते मोजले. पण कवच फार दुबळे होते आणि काही आठवड्यांत विरून गेले. हे सगळे गुप्तपणे चालले होते. मार्च 1959 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी फोडली तेव्हा जगाला कळले, की आपल्या डोक्यावरच्या आकाशात कोणालाही न विचारता अणुबॉम्बचे प्रयोग झाले आहेत. पुढे 9 जुलै 1962 रोजी स्टारफिश नावाचा फार मोठा बॉम्ब असाच वर फोडला गेला, त्याने तयार झालेल्या पट्ट्याने अनेक उपग्रह खराब केले. 1963 च्या कराराने अवकाशातील आणि वातावरणातील अणुस्फोटांना बंदी घातली.

उपेक्षा सोसलेला माणूस आपोआप करुणावान होतो, अशी आपली एक भाबडी समजूत असते. चळवळीत वावरणाऱ्याने तरी ती सोडून दिली पाहिजे. दरवाजा ठोठावून ठोठावून आत गेलेला माणूस आतल्यांचा सर्वात उत्साही शिपाई होतो, याची उदाहरणे आपल्याला दूर शोधावी लागत नाहीत. विद्येला शीलाची जोड नसेल तर ती विद्या घातक ठरते, असे बाबासाहेब पुनःपुन्हा बजावीत असत. धम्मात प्रज्ञेच्या शेजारी करुणा बसविली आहे ती उगाच नाही. ख्रिस्तोफिलोसच्या बाजूने असे म्हणता येईल, की त्या काळातील भीती खरी होती आणि जर्मनांची टाच अनुभवलेल्या माणसाला बळाची गरज वाटणे स्वाभाविक होते. ही बाजू मी नोंदवितो, पण मला ती पटत नाही. ज्या शहरात त्याने उपासमार पाहिली होती त्या शहरावरच्या आकाशातही तेच इलेक्ट्रॉन फिरणार होते.

त्याची पुढची मोठी कल्पनाही युद्धाचीच. समुद्राच्या पाण्यात नेहमीच्या रेडिओ लहरी खोल जात नाहीत, अतिशय कमी कंपनांच्या लहरी मात्र जातात. त्यांच्या साहाय्याने पाण्याखालील अणुपाणबुड्यांना आदेश पोचवावेत, त्यासाठी जमिनीत विस्तीर्ण तारा पुराव्यात, असे त्याने सुचविले. सँग्विन नावाच्या या योजनेला विस्कॉन्सिनमधील लोकांनी विरोध केला. अखेर तिचे लहान रूप उभे राहिले आणि 1989 ते 2004 या काळात चालले.

लिव्हरमोरमध्ये लोक त्याला पाठीमागे वेडा ग्रीक म्हणत. त्यात कौतुक होते आणि टवाळीही होती. बॉम्बची कामे त्याच्याकडून सगळ्यांना हवी असत, ॲस्ट्रॉनला मात्र वर्षागणिक विरोध वाढत गेला. त्याच्या इलेक्ट्रॉनच्या थराला कोंडीसाठी लागणारी मजल पूर्ण गाठता येत नव्हती. तो यंत्रात सुधारणा करीत राहिला, समित्या अहवाल मागत राहिल्या. 24 सप्टेंबर 1972 रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय 55. पुढच्याच वर्षी, 1973 मध्ये, ॲस्ट्रॉन बंद करण्यात आले. त्यासाठी त्याने इलेक्ट्रॉनला वेग देणारे जे नव्या प्रकारचे यंत्र बांधले होते, त्या जातीची यंत्रे लिव्हरमोरमध्ये आणि लॉस अलामॉसमध्ये नंतरही बांधली गेली. अण्वस्त्राचा बाहेरचा भाग फुटताना आत काय होते याची क्ष-किरण चित्रे घेण्यासाठी ती वापरतात.